खुल्या जगात गोष्ट कशी टिकते?

लेखमाला : खेळ आणि कथा – भाग ५

ओपन वर्ल्ड गेममध्ये खेळणाऱ्याला एक सलग प्रदेश मिळतो आणि त्यात कुठे, केव्हा, कोणत्या वाटेने जायचे हे तोच ठरवतो. १९८४ मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या ‘एलिट’ने अवकाशात असे मोकळे रान दिले, १९८६ च्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ने डोंगर-जंगलांत, तर २००१ च्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ३’ने त्रिमितीय शहरात. या प्रकारात गोष्ट सांगणे का अवघड जाते, ते या व्याख्येवरूनच कळते. गोष्टीला क्रम लागतो आणि वेग लागतो. कादंबरीत आणि सिनेमात या दोन्हींचा लगाम लेखक-दिग्दर्शकाकडे असतो. खुल्या जगात तो खेळणाऱ्याच्या हाती जातो. तरीही काही गेम गोष्ट उत्तम सांगतात. ते कसे साधतात, हे या भागात पाहू.

घाईचा पेच

पोलंडच्या ‘सीडी प्रोजेक्ट रेड’चा ‘द विचर ३ : वाइल्ड हंट’ (२०१५) या अडचणीचे ठळक उदाहरण आहे. राक्षसांची शिकार करणारा गेराल्ट आपल्या मानसकन्येला, सिरीला, शोधत असतो आणि तिच्या मागावर भयंकर स्वार लागलेले असतात. वेळ दवडणे परवडणारे नाही, असे कथा सांगते. खेळणारा मात्र खाणावळीत ‘ग्वेंट’ नावाच्या पत्त्यांचा डाव मांडून बसू शकतो. तो कितीही रमला तरी सिरीचे काही बिघडत नाही, कारण पुढचा प्रसंग त्याची वाट पाहत थांबलेला असतो. कथेचे म्हणणे आणि खेळाची मुभा यांची अशी फारकत झाली की गोष्टीवरचा विश्वास उडतो. गेम-रचनाकार क्लिंट हॉकिंग यांनी २००७ मध्ये ‘बायोशॉक’ या गेमवर लिहिताना कथा आणि खेळ यांच्यातल्या विसंगतीकडे बोट दाखवले आणि तेव्हापासून गेमच्या समीक्षेत हा मुद्दा पुन्हा पुन्हा येतो.

‘रॉकस्टार’चा ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ (२०१८) दुसऱ्या टोकाला जातो. १८९९ मधल्या अमेरिकेतली दरोडेखोरांची टोळी आणि तिच्यातला आर्थर मॉर्गन यांची ही कथा. मिशन सुरू झाले की मोकळे रान आक्रसते. ठरल्या वाटेपासून फार दूर गेले की मिशन फसते. गोष्ट घट्ट राहते, पण स्वातंत्र्य तेवढ्यापुरते जाते. या गेमचे खरे बळ दोन मिशनांच्या मधल्या वेळात आहे. टोळीच्या तळावर शेकोटीभोवती चालणारी बोलणी दिवस फिरतात तशी बदलतात, वहीत आर्थर पाहिलेल्या गोष्टींची रेखाटने करत राहतो आणि क्षयाने तो खंगत गेल्याचे पुढे त्याच्या चेहऱ्यावर दिसते. खेळणारा भटकत असतानाही कथेतला काळ इथे सरकत राहतो.

जागेने सांगितलेली गोष्ट

क्रम हातात नसला तर गोष्ट जागांमध्ये पेरता येते. प्रत्यक्षात हे कसे घडते, ते उज्जैनमध्ये दिसते. देवास गेटच्या बसस्थानकावर उतरलेल्या किंवा जवळच्या रेल्वे स्टेशनातून बाहेर पडलेल्या प्रवाशाला गोपाळ मंदिर, महाकालेश्वर, हरसिद्धी आणि क्षिप्रेचा रामघाट हव्या त्या क्रमाने पाहता येतात. हरसिद्धीच्या आवारात दोन उंच दीपमाळा उभ्या आहेत. जेजुरी पाहिलेल्या माणसाला त्यांची घडण लगेच ओळखू येते. गोपाळ मंदिर बायजाबाई शिंद्यांनी बांधवले. महाकालाचे मंदिर १८व्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी पुन्हा उभारले. यातले काही फलकावर वाचायला मिळते, काही पुजाऱ्याकडून कळते. सुरुवात कुठूनही केली तरी दोन-तीन ठिकाणे झाल्यावर धागा जुळतो : माळव्यातले हे शहर एके काळी शिंद्यांची राजधानी होते. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी ती ग्वाल्हेरला नेली. इथला प्रत्येक तुकडा स्वतःपुरता पुरा आहे, म्हणून क्रम बदलला तरी अर्थ बिघडत नाही.

जपानच्या ‘फ्रॉमसॉफ्टवेअर’चा ‘एल्डन रिंग’ (२०२२) याच तत्त्वावर उभा आहे. हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली तयार झालेल्या या गेमच्या जगाचा प्राचीन इतिहास कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी रचला, पण तो इतिहास खेळणाऱ्याला कुणी सलग सांगत नाही. सापडलेल्या तलवारीचे वर्णन, भग्न पुतळा, ओसाड किल्ल्यात राखणीला उरलेला शिपाई यांवरून तो हळूहळू उलगडतो. मात्र या पद्धतीची एक मर्यादा आहे. होऊन गेलेले ती फार चांगले सांगते. डोळ्यांदेखत घडणारे नाट्य तिला तितके पेलत नाही. त्यासाठी वेगळी रीत लागते.

वेताळाची रीत

ती रीत कथापरंपरेत जुनीच आहे. ११व्या शतकात सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त वेताळाच्या कथा येतात; तिथला राजा त्रिविक्रमसेन गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा. पुढच्या परंपरेत त्याच्या जागी उज्जैनचा विक्रम आला. राजाने झाडावरचे प्रेत खांद्यावर घेऊन न बोलता स्मशानातल्या साधूकडे न्यायचे, ही बाहेरची गोष्ट. वाटेत वेताळ एक कथा सांगून कोडे घालतो. उत्तर ठाऊक असून गप्प बसले तर डोके फुटेल आणि बोलले तर वेताळ झाडावर परत जाईल. मधल्या कथांची अदलाबदल केली तरी चालते. जिचे उत्तर राजाला सुचत नाही ती शेवटची कथा तेवढी आपल्या जागी पक्की. ऐकणारा आतल्या कथांत कितीही गुंतला तरी मुख्य गोष्ट सुटत नाही, कारण प्रत्येक कथा राजाच्या त्याच वाटेवर घडते आणि त्याच्या न्यायबुद्धीची परीक्षा घेते. ‘सिंहासन बत्तिशी’त दुसरी युक्ती आहे. बत्तीस पुतळ्या भोजराजाला वेगवेगळ्या कथा सांगतात, पण सगळ्या एकाच विक्रमाविषयी. कुठलीही एक कथा ऐकली तरी मूळ विषयावर भर पडते.

साइड क्वेस्ट, म्हणजे गेममधली आडवाटेची कामगिरी, याच दोन कसोट्यांवर पारखावी : ती मुख्य वाटेला जोडलेली आहे का आणि मुख्य विषयावर काही प्रकाश टाकते का? ‘विचर ३’मधले बॅरनचे प्रकरण दोन्हींत उतरते. बॅरनकडे सिरीची बातमी आहे. ती हवी तर त्याची नाहीशी झालेली बायको आणि मुलगी शोधून द्यायची. मुलीच्या शोधात निघालेल्या एका पित्यासमोर दुसरा पिता उभा राहतो. तो दारुडा आहे, बायकोला मारहाण करणारा आहे आणि केलेल्या कर्माने पोळलेलाही आहे. जवळच एका टेकडीवरच्या झाडाखाली एक आत्मा कोंडलेला असतो. त्याला सोडले तर अनाथ मुले वाचतात, पण बॅरनची बायको जाते आणि पाठोपाठ तो गळफास घेतो. आत्म्याला मारले तर मुले जातात. बायको वेडी झालेली असली तरी जगते आणि तिला उपचारांसाठी घेऊन बॅरन दूर निघतो. आडवाटेवर केलेली निवड अशी परतून समोर येते, तेव्हा भटकणे हाच कथेचा भाग होतो.

थांबायला कारण आणि ज्ञानाची किल्ली

घाईचा पेच सोडवण्याचे आणखी दोन मार्ग आहेत. निन्टेंडोच्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये (२०१७) नायक लिंक शंभर वर्षांच्या झोपेतून स्मृती गमावून उठतो. शत्रू ज्या किल्ल्यात आहे तो सुरुवातीपासून क्षितिजावर दिसतो आणि धाडस असेल तर थेट तिथे जाताही येते. परंतु राजकन्येने शंभर वर्षे शत्रूला थोपवून धरलेले असल्याने तयारीसाठी हिंडणे कथेत बसते. हरवलेल्या आठवणींचा माग बारा छायाचित्रांवरून काढायचा. छायाचित्रातली जागा ओळखून तिथे उभे राहिले की तिथली आठवण जागी होते. विस्मरण झालेल्या माणसाला आठवणी कुठल्याही क्रमाने येऊ शकतात, त्यामुळे तुटक क्रमही नैसर्गिक वाटतो.

‘आउटर वाइल्ड्स’ (२०१९) त्याही पुढे जातो. इथे २२ मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो आणि काळ पुन्हा पहिल्या क्षणाशी येतो. खेळणाऱ्याला नवे शस्त्र मिळत नाही, नवे सामर्थ्यही नाही. कळले तेवढेच पदरात राहते. कुलूप अज्ञानाचे आणि किल्ली ज्ञानाची असल्यामुळे शोध आणि कथा यांच्यात भेदच उरत नाही.

सह्याद्री, मुंबई आणि पुणे

‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’ (२०१७) हा मुळात सरळ वाटेचा गेम, त्याचा चौथा अध्याय मात्र पश्चिम घाटातला मोकळा प्रदेश आहे. क्लोई आणि नदीन या दोघी गणेशाच्या सुळ्याच्या शोधात जीप घेऊन होयसळांच्या अवशेषांमधून फिरतात. मनोऱ्यावरून नकाशात टिपलेली ठिकाणे खेळणाऱ्याने हव्या त्या क्रमाने गाठायची. अकरा होयसळ नाणी गोळा करण्याची आडकामगिरीही आहे. हा घाट कल्पनेतला आहे, पण रचना शिकण्यासारखी. गाडी चालत असताना दोघींचे बोलणे चालू राहते आणि एकमेकींवर विश्वास नसलेल्या या बायका फिरता फिरता जवळ येतात. प्रवास हेच इथे कथेचे स्थळ.

‘हिटमॅन २’मधली (२०१८) मुंबई खुल्या जगाएवढी मोठी नाही, मात्र तिच्यात हालचालीची मुभा तशीच आहे. ठार करायच्या तीन लक्ष्यांपैकी वझीर काळे याचा चेहरा आधी कुणालाच माहीत नसतो. गर्दीतून तो हुडकावा लागतो. उरलेल्या दोघांचा काटा दुसऱ्याच एका मारेकऱ्याच्या हातून काढता येतो. त्यामुळे घटनांचा क्रम आणि त्यातले नाट्य खेळणारा स्वतः जुळवतो. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा ‘राजी’ (२०२०) याच्या उलट, एकमार्गी आहे. भावाला सोडवायला निघालेल्या राजीची कथा दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून पुढे जाते. मार्ग ठरलेला असल्याने कोणते वाक्य कुठे यायचे तेही ठरवता येते, आणि खुल्या जगात नेमके हेच जमत नाही.

निष्कर्ष

खुल्या जगात काही गोष्टी उत्तम सांगता येतात : स्थळाचा इतिहास, सोबत्यांमध्ये हळूहळू बदलणारे नाते, एकाच विषयाभोवती फिरणाऱ्या छोट्या कथा आणि शोधून मिळवलेले सत्य. मुदतीवर टांगलेला थरार आणि क्षणाक्षणाने मोजलेला उत्कर्ष यांसाठी एकमार्गी रचना बरी. म्हणून अशा गेमच्या कथेला तीन प्रश्न विचारावेत. खेळणारा थांबला तर त्याला कथेत कारण आहे का? आडवाटेवरून तो मुख्य वाटेसाठी काही घेऊन येतो का? त्याने केलेली कृती त्या जगाच्या लक्षात राहते का? तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तर खेळणारा जितका भटकेल तितकी त्याची गोष्ट भरत जाते.

(क्रमशः)