पत्ते पालथे, नजर ओठांवर

टेबलावर चित्रांच्या सहा जोड्या पालथ्या मांडलेल्या. एका वेळी दोन पानं उलटायची, जोडी जुळली तर उचलायची, नाही जुळली तर परत पालथी घालायची. थेरपीच्या खोलीत हा घरचाच खेळ निघाला की पालक जरा खट्टू होतात. यासाठी का फी भरायची? पण समोर बसलेल्या थेरपिस्टचं लक्ष पानांपेक्षा मुलाच्या ओठांकडे असतं.

का, ते १९६६ सालच्या एका गमतीदार प्रयोगातून कळतं. जॉन फ्लॅव्हेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पाच, सात आणि दहा वर्षांच्या मुलांना काही चित्रं दाखवली. कोणती चित्रं कोणत्या क्रमाने दाखवली, ते मुलांनी थोड्या वेळाने सांगायचं होतं. मधल्या वेळात मुलांच्या डोक्यावरच्या खेळण्यातल्या अंतराळवीराच्या हेल्मेटची झापड खाली ओढली जाई. डोळे झाकलेले, तोंड मात्र उघडं. ओठांची हालचाल वाचायला शिकलेला एक संशोधक ते टिपत होता. पाच वर्षांच्या २० मुलांपैकी फक्त दोघं चित्रांची नावं पुटपुटताना दिसली. सात वर्षांच्या २० पैकी १२ आणि दहा वर्षांच्या २० पैकी १७.

म्हणजे मनात घोकणं हे आपल्याला उपजत वाटतं, पण ते वयाबरोबर येतं. पुढच्याच वर्षी याच गटाने न पुटपुटणाऱ्या मुलांना नावं घोकायला लावली. त्यांची आठवण घोकणाऱ्या मुलांच्या बरोबरीला आली! मग ‘आता तुम्हाला हवं तसं करा’ म्हटल्यावर निम्म्याहून अधिक मुलांनी घोकणं सोडून दिलं. माझ्या मते थेरपीची खरी अडचण इथेच आहे. युक्ती शिकवता येते. ती टिकायला मुलाला तिची गरज वाटावी लागते. डावात ती गरज आपोआप तयार होते, कारण घोकलं नाही तर समोरचा जोडी उचलून नेतो.

म्हणून चांगला थेरपिस्ट मुलाला नुसता जिंकू देत नाही. ‘हत्ती कुठे होता? कोपऱ्यात. कोपऱ्यात हत्ती,’ असं तो आधी स्वतः मोठ्याने बोलून दाखवतो, मग मुलाकडून बोलवून घेतो, मग कुजबुजत आणि शेवटी मनात. डाव संपल्यावर विचारतो, ‘कसं लक्षात ठेवलंस रे?’

मग अशा खेळाने स्मरणशक्ती ‘वाढते’ का? खोक्यावर छापलेलं असतं खरं, पण जपून. १९८० साली चेस आणि एरिक्सन यांनी एका विद्यार्थ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. ऐकलेले सातेक अंक लक्षात ठेवणारा हा मुलगा दीड वर्षाहून अधिक सरावानंतर सुमारे ८० अंकांपर्यंत पोहोचला. तो धावपटू होता आणि अंकांचे गट शर्यतीच्या वेळा म्हणून लक्षात ठेवायचा. अंकांऐवजी अक्षरं दिली, तर गाडी सहावरच अडली. संगणकावरच्या स्मृती-सरावाच्या अनेक प्रयोगांचा २०१३ साली एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हाही असंच दिसलं: सराव केला त्यासारख्या कामात तात्पुरती सुधारणा, पण वाचन किंवा गणितात फायदा झाल्याचा पटणारा पुरावा नाही.

त्यामुळे खेळ निवडताना मुलाचं नेमकं कुठे अडतं ते पाहावं लागतं. तोंडी सूचना विसरणाऱ्या मुलासाठी चित्रांच्या जोड्यांपेक्षा ‘बाजारात गेले आणि आणली…’ अशी एकेक वस्तू वाढत जाणारी यादी बरी. थोड्या मोठ्या मुलांना मेंढीकोट द्यावा: कोणती दश्शी पडली, हुकमाची किती पानं उरली, याचा हिशोब ठेवताना नुसतं आठवून भागत नाही, दर हाताला तो बदलावा लागतो. वर्किंग मेमरी म्हणतात ती हीच, माहिती धरून ठेवत तिच्यावर काम करण्याची क्षमता. आणि जोड्यांचा खेळ घरी घेतलाच, तर दर डावाला चित्रं बदला. तीच चित्रं पुन्हा मांडली की हत्ती मागच्या डावात कुठे होता तेच आठवत राहतं, आणि मूल आत्ताच्या डावात चुकतं.