किंमत ओळखणारा साचा

मिक्सरच्या जाहिरातीत ‘₹३,९९९’ खोडलेलं, शेजारी ठळक ‘₹२,८४९’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘हप्ता ₹१४२पासून’. किती मोजायचे, हे गिऱ्हाइकाला पाहताक्षणी कळतं. संगणकापुढे मात्र ही अक्षरांची एक लांबलचक रांग असते. तिच्यातून किंमत उचलायची, तर किंमत दिसते कशी, हे त्याला आधी सांगावं लागतं. ते सांगण्याची भाषा म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन. प्रोग्रामरांच्या तोंडी ‘रेजेक्स’.

१९५६ साली चेतापेशींच्या जाळ्यांचं गणित मांडताना अमेरिकी तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लेनी यांनी तिचा पाया घातला. १९६८मध्ये केन थॉम्प्सन यांनी मजकूर शोधण्यासाठी ती वापरण्याची रीत मांडली.

देवनागरी आकड्यांतल्या किमतींसाठी असा साचा चालेल:

(₹|रु\.) *[०-९,]+(\.[०-९][०-९])?

उभी रेघ म्हणजे ‘किंवा’. रुपयाचं चिन्ह २०१०मध्ये आलं, पण ‘रु. ४५०/-’ लिहिणारे अजूनही आहेत. म्हणून दोन्ही हवेत. टिंबाचा इथला अर्थ ‘कोणतंही एक अक्षर’ असा असतो; साधं टिंब हवं असेल, तर आधी तिरकी रेघ द्यायची. जागा सोडून दिलेला तारा सांगतो, की मधे मोकळी जागा असो वा नसो. चौकटी कंसात अंक नि स्वल्पविराम, आणि अधिकचं चिन्ह म्हणजे ‘एक किंवा अनेक’. शेवटी पैसे, प्रश्नचिन्हामुळे ते नसले तरी चालतात.

हाच साचा इंग्रजी आकड्यांच्या पानावर सोडला, तर हाती काहीच लागत नाही. संगणकाच्या लेखी ते अंक वेगळेच.

मिक्सरच्या पानावर उलट तीन किमती सापडतात आणि साच्याला तिन्ही सारख्याच. म्हणून जाणते लोक आधी पानाच्या कोडमधून विक्रीच्या किमतीचा भाग वेगळा काढतात, मग त्यावर साचा लावतात.

खरी फजिती परदेशात होते. जर्मनीत हजारांनंतर टिंब, दशांशाला स्वल्पविराम आणि चिन्ह शेवटी: ‘१.२९९,०० €’. अंक बदलून, चिन्ह मागे नेऊन आपला साचा तिथे लावला, तर टिंबापाशी तो अडतो, पुढचं ‘२९९,०० €’ उचलतो. नेहमीच्या सवयीने स्वल्पविराम गाळला, की बाराशे नव्व्याण्णव युरोंच्या लॅपटॉपची नोंद होते एकोणतीस हजार नऊशे युरो.