चूक सगळीकडे, क्रॅश एकीकडेच

एखादा मुक्त-स्रोत प्रोग्राम मित्राच्या लॅपटॉपवर सुरळीत चालतो आणि वाशिम जिल्ह्यातल्या रिसोडच्या किंवा मानोऱ्याच्या विद्यार्थ्याच्या जुन्या संगणकावर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ (नको त्या मेमरीला हात लावल्याची चूक) दाखवून बंद पडतो. दोष आपल्याच मशीनचा, असं समजून बरेच जण गप्प बसतात. पण ज्याच्याकडे क्रॅश होतो, त्याच्याच हाती चूक असल्याचा पुरावा असतो.

गैरसमज १ : बाकी सगळीकडे चालतो, म्हणजे प्रोग्राम बरोबर आहे.

वस्तुस्थिती : ‘वाशिम’ हा शब्दच घ्या. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना आणि वेलांटी धरून या शब्दाचे १५ बाइट होतात. पहिल्या बाइटची किंमत २२४. सी भाषेत एक बाइट साठवणारा मूळ प्रकार इंटेल-एएमडीच्या संगणकांवर ऋण संख्याही धरतो, म्हणून तिथे २२४ चे उणे ३२ होतात. एआरएम प्रोसेसरवरच्या लिनक्समध्ये ते २२४च राहतात. हा बाइट थेट २५६ घरांच्या तक्त्याचा क्रमांक म्हणून वापरला, तर एआरएमवर योग्य घर सापडतं. इंटेलवर मात्र तक्त्याच्या आधीची, भलतीच मेमरी वाचली जाते. साध्या इंग्रजी मजकुरातला कुठलाही बाइट १२७ च्या पुढे जात नाही, त्यामुळे फक्त इंग्रजीत चाचणी करणाऱ्याला ही चूक दिसतच नाही.

सीमधला ‘लाँग’ हा प्रकारही ६४-बिट लिनक्सवर ८ बाइटांचा, तर ६४-बिट विंडोजवर ४ बाइटांचा असतो. त्यात मेमरीचा पत्ता साठवला, की विंडोजवर अर्धा पत्ता हरवतो.

गैरसमज २ : रॅम वाढवली की क्रॅश थांबेल.

वस्तुस्थिती : मेमरी अपुरी पडणं वेगळं आणि चुकीच्या पत्त्यावर जाणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात कितीही रॅम घातली तरी मूळ चूक जात नाही.

गैरसमज ३ : ज्या ओळीवर बंद पडला, त्याच ओळीत चूक.

वस्तुस्थिती : नुकसान अनेकदा आधीच कुठेतरी झालेलं असतं, प्रोग्राम कोसळतो तो ती बिघडलेली जागा पुन्हा वापरताना. म्हणून जीसीसी किंवा क्लँग कंपायलरमधला, मेमरीच्या चुका पकडणारा ॲड्रेससॅनिटायझर चालू करून प्रोग्राम पुन्हा बांधावा. प्रोग्राम मंदावतो, पण मेमरीची हद्द ओलांडली जाते तिथेच तो थांबतो. लिनक्सवर व्हॅलग्रिंड हे साधन अशा बऱ्याच चुका प्रोग्राम पुन्हा न बांधताही दाखवतं, फक्त बराच अधिक वेळ घेतं.

गैरसमज ४ : मराठी टाइप केल्यावर बंद पडला, म्हणजे मजकुरातच घोळ.

वस्तुस्थिती : फेब्रुवारी २०१८ मध्ये एका तेलुगू जोडाक्षराने आयफोनवरची ॲप बंद पडू लागली. आयआयटी मुंबईत शिकलेले, तेव्हा मोझिलात काम करणारे मनीष गोरेगावकर यांनी वेगवेगळे अक्षरक्रम तपासून दाखवलं, की बंगाली आणि देवनागरीतही हेच घडतं. देवनागरीत तो क्रम होता व्यंजन, हलन्त, ‘र’, जोड रोखणारं अदृश्य चिन्ह आणि मग स्वरचिन्ह. मजकूर वैध होता. चूक ॲपलच्या कोअरटेक्स्ट या अक्षरं मांडणाऱ्या भागात होती. १९ फेब्रुवारीला आलेल्या आयओएस ११.२.६ मध्ये ती दुरुस्त झाली. ॲपलचा तो कोड बंद, त्यामुळे बाहेरूनच अंदाज बांधावा लागला. फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइड वापरतात ती हार्फबझ लायब्ररी खुली आहे. तिथे कुणालाही नेमक्या ओळीपर्यंत जाता येतं.

गैरसमज ५ : कोड खुला आहे, म्हणजे कुणीतरी पाहिलंच असेल.

वस्तुस्थिती : ओपनएसएसएल या मुक्त-स्रोत लायब्ररीतली ‘हार्टब्लीड’ ही मेमरीची चूक मार्च २०१२ च्या आवृत्तीतून जगभर गेली आणि एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झाली. कोड खुला असतो. तो तपासायला माणसं लागतात. प्रकल्प सांभाळणाऱ्यांकडे प्रत्येक जुना प्रोसेसर आणि प्रत्येक भाषेचा मजकूर नसतो.

म्हणून क्रॅश झाला तर कळवाच. प्रोसेसर, ऑपरेटिंग सिस्टीम, प्रोग्रामची आवृत्ती, जीडीबी या डीबगरमधून काढलेला बॅकट्रेस (क्रॅशपर्यंतच्या फंक्शनांची यादी) आणि क्रॅश घडवणारा छोट्यात छोटा मजकूर द्या. कोअर डंपमध्ये, म्हणजे क्रॅशच्या वेळच्या मेमरीच्या प्रतीत, पासवर्डही असू शकतो, म्हणून तो डंप जाहीर टाकू नका. आधीची आवृत्ती चालत असेल, तर ‘गिट बायसेक्ट’ने कोणत्या बदलापासून बिघडलं ते शोधून द्या. वाशिमच्या जुन्या संगणकावरून गेलेली अशी नेटकी नोंद त्या प्रोग्रामच्या प्रत्येक मराठी वापरकर्त्याच्या कामी येते.