आधी बैठक, मग वही

अच्छाडला महामार्गालगत आपले घर असेल, तर पहाटही मालमोटारींच्या घरघरीतच उजाडते. तरी डोळे मिटताच आवाजापेक्षा मनातली सलच अधिक छळते. ती टिपण्यासाठी वही मांडीवर घेऊन ध्यानाला बसू नये. इगतपुरीच्या धम्मगिरीवर विपश्यना शिबिरात लेखनास मनाई असते, ती उगीच नव्हे. आसने, दहा मिनिटे श्वासाकडे लक्ष, मगच रोजनिशी. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या जेम्स पेनेबेकर यांच्या प्रयोगात अमेरिकी विद्यार्थ्यांनी चार दिवस, रोज पंधरा मिनिटे आपल्या आघातांविषयी लिहिले. घटनेसोबत भावनाही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढे कमी झाल्या. मात्र लिहून होताच मन आधी जडच झाले होते. फारच जड झाले, तर वही मिटून घरच्यांशी बोलावे. आणि दुसऱ्याची वही, विशेषतः मुलांची, न विचारता उघडू नये.