गंगापूरच्या फुगवट्याकाठची वाइन

नाशिक शहरातून गंगापूर रस्त्याने पश्चिमेकडे निघाले की दहा-बारा किलोमीटरवर गोदावरी अडवून झालेला गंगापूर धरणाचा जलाशय लागतो. धरण मातीचे आहे. लांबी सुमारे ३,९०० मीटर, उंची साडेछत्तीस मीटरच्या आसपास. काम १९६५ मध्ये पुरे झाले. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली नदी त्र्यंबकेश्वराहून खाली येते आणि पंचवटीला पोचण्याआधी इथे अडते. या पाण्याला कोणी तलाव म्हणत नाही. शहरातली मंडळी ‘बॅकवॉटर’ म्हणतात, गावातली जुनी माणसे ‘फुगवटा’. या फुगवट्याच्या काठी आणि आसपास, गंगापूर, सावरगाव, गंगावऱ्हे या गावांच्या शिवारात गेल्या पंचवीस वर्षांत वायनऱ्या उभ्या राहिल्या. शनिवार-रविवारला जोडून सुटी आली की मुंबईहून सुमारे १७० आणि पुण्याहून २१० किलोमीटर गाडी हाकत लोक इथे दोन-तीन दिवसांसाठी येतात. शिवाराला पर्यटनाची ओळख मिळाली असली, तरी मुळात ही शेती आहे. ती शेती म्हणून पाहिली तरच इथल्या पेल्यात काय आहे ते कळते.

नाशिकला द्राक्ष नवे नव्हते. ओझरच्या रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी १९२५ च्या सुमारास या जिल्ह्यात खाण्याच्या द्राक्षाची बाग लावली, असे मानले जाते. पुढे थॉमसन सीडलेस आणि तिच्यातून निवडलेल्या तास-ए-गणेश, सोनाका अशा जातींनी निफाड, दिंडोरीचा शेतकरी उभा केला. पण खाण्याचे द्राक्ष आणि वाइनचे द्राक्ष यांचे गुण जवळजवळ उलटे आहेत. खाण्याचा मणी मोठा हवा, साल पातळ हवी, बी नको. निर्यातीसाठी तो सोळा-अठरा मिलिमीटरचा व्हावा म्हणून शेतकरी घडाची विरळणी करतो, जीए (जिबरेलिक आम्ल) हे संजीवक देतो. वाइनचा मणी लहान, बियांचा आणि जाड सालीचा असतो, कारण रंग, वास आणि तुरटपणा सालीतच असतो. मणी जितका लहान तितके रसाच्या मानाने सालीचे प्रमाण जास्त. मणी फुगवण्यात हयात घालवलेल्या बागाईतदाराला तो लहान राखायला शिकणे सोपे गेले नाही. वाइनच्या द्राक्षाला बाजार समितीत गिऱ्हाईक नसते, ही त्यातली खरी जोखीम. कारखान्याने माल उचलला नाही तर तो घड कोणीच घेत नाही.

महाराष्ट्रात आधुनिक वाइनची सुरुवात नारायणगावला झाली. शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने १९८० च्या दशकात तिथे फेसाळ वाइन बनवली आणि ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशातही विकली. गंगापूरची गोष्ट त्यानंतरची. स्टॅनफर्डला अभियांत्रिकी शिकून कॅलिफोर्नियात ओरॅकल कंपनीत काम केलेले राजीव सामंत १९९० च्या दशकात परतले आणि घरच्या जमिनीवर शेती करू लागले. आंबा झाला, खाण्याची द्राक्षे झाली. मग कॅलिफोर्नियातले वाइनतज्ज्ञ केरी डॅमस्की यांच्या सल्ल्याने १९९७ च्या सुमारास त्यांनी शेनिन ब्लाँ आणि सॉव्हिन्याँ ब्लाँ या पांढऱ्या जाती लावल्या. पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली. आई सुलभा यांच्या नावावरून कंपनीचे नाव ‘सुला’ ठेवले गेले.

पुढच्या वर्षी राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. २००१ च्या या धोरणाने वाइनला उत्पादन शुल्कातून दहा वर्षांची सूट दिली. विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क झाले. वायनऱ्या भराभर निघाल्या, लागवड त्याहून वेगाने वाढली. २००८-०९ च्या मंदीत मागणी घसरली, टाक्यांत वाइन पडून राहिली, शेतकऱ्यांची बिले थकली. अनेकांनी वाइनच्या वेली काढल्या किंवा त्याच खुंटावर पुन्हा खाण्याच्या जातीचे कलम केले. ज्या कंपन्यांनी शेतकऱ्यांशी लांब मुदतीचे करार करून ते पाळले त्या टिकल्या. या उद्योगाचा इतिहास लिहिताना बक्षिसांच्या यादीआधी हा हिशेब मांडायला हवा.

फुगवट्याकाठच्या वायनऱ्यांना सावरले ते पाहुण्यांनी. सुलाने २००५ मध्ये वाइन चाखण्याचे दालन उघडले, २००८ मध्ये सुलाफेस्ट हा संगीताचा उत्सव सुरू केला, राहण्याच्या सोयी केल्या. शेजारी यॉर्क वायनरी आली, जी २०२१ मध्ये सुलाकडे गेली. गंगावऱ्ह्याला सोमा वायनरी आहे. दिंडोरी तालुक्यात मोएत हेनेसीची शांदों २०१३ पासून फेसाळ वाइन बनवते, आणि इगतपुरीच्या बाजूला सांजेगावजवळ ग्रोव्हर झांपा आणि व्हॅलोने आहेत. सुलाचे शेअर डिसेंबर २०२२ मध्ये बाजारात नोंदले गेले. त्याच वर्षीच्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला होता. त्याला कडाडून विरोध झाला आणि तो अमलात आला नाही.

वेलीचे वर्ष समजून घेण्यासाठी मात्र थोडे थांबायला हवे. युरोपात वेलीची छाटणी वर्षातून एकदा होते. हिवाळ्यात पाने गळतात, वेल झोपते, वसंतात फुटते, शरदात घड उतरतो. नाशिकला तेवढी थंडीच नसते, त्यामुळे वेल झोपत नाही. इथे ती वर्षातून दोनदा छाटतात. पहिली एप्रिल छाटणी, म्हणजेच खरड छाटणी. माल उतरलेल्या काड्या ओलांड्यापर्यंत, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीपर्यंत, मागे खरडून काढतात आणि एखादा डोळा ठेवतात. ऐन उन्हाळ्यात बाग उघडीबोडकी दिसते. मग फुटवे येतात, आणि साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या काळात काडीवरच्या डोळ्यांच्या आत पुढच्या हंगामाचे घड तयार होतात. ते नुसत्या नजरेला दिसत नाहीत. शेतकरी याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतो. या दिवसांत डोळ्यावर ऊन पडले पाहिजे, पाणी आणि नत्र बेताने दिले पाहिजे. जानेवारीत बागेत घड नसतील तर चूक बहुधा मे-जूनमधली असते. पावसाळ्यात काडी पिकते, हिरवी होती ती तपकिरी होते. सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी, गोडी छाटणी होते. आता काडी राखून शेंडे छाटतात आणि सगळे डोळे एकदम फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. घड बाहेर येतो, फुलतो, मणी धरतो. तिथपासून भुरी आणि डाऊनी या बुरशीजन्य रोगांची धास्ती असते. परतीचा पाऊस लांबला की फवारण्या वाढतात, आणि काढणीच्या तोंडावर अवकाळी आला की मणी तडकतात.

छाटणीनंतर साधारण साडेचार-पाच महिन्यांनी, जानेवारी ते मार्चमध्ये माल काढणीला येतो. युरोपातली काढणी तेव्हा कधीच आटोपलेली असते. समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवरच्या या पठारावर डिसेंबर-जानेवारीत दिवसा ऊन चढते आणि रात्री पारा दहाच्या आसपास, कधी त्याखालीही जातो. दिवसाच्या उन्हाने मण्यात साखर भरते, रात्रीच्या गारव्याने आम्लता टिकते. वाइनला दोन्ही हवे. मार्चच्या झळा लागल्या की आम्ल झपाट्याने उतरते, म्हणून पांढऱ्या जाती आधी काढतात. शिराझ, कॅबरने सॉव्हिन्याँ या लाल जाती मागाहून.

काढणी भल्या सकाळी सुरू होते, कारण उन्हाने तापलेला घड क्रेटमध्येच आंबू लागतो. ओळीत दोन्ही बाजूंनी माणसे, त्यांत बायका जास्त. एका हातात छोटी कात्री, दुसरा हात घडाखाली. देठ कापला की घड फिरवून पाहायचा, कुजका मणी असेल तर तो बोटाने काढायचा आणि घड क्रेटमध्ये न आपटता ठेवायचा. काढणीचा दिवस ठरवणारा माणूस त्याआधी आठवडाभर बागेत फिरलेला असतो. वेगवेगळ्या वेलींचे मणी तो एका पिशवीत चुरडतो, रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकतो आणि उजेडाकडे धरून ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचे प्रमाण, वाचतो. बावीस-तेवीसला लाल द्राक्ष तयार धरतात. पण तो आकड्यावर थांबत नाही. मणी तोंडात टाकतो, बी हातावर थुंकतो. बी हिरवी असेल तर साखर भरली तरी वाइन कडवट होईल. तपकिरी होऊन दाताखाली कट्‌कन फुटली तर ट्रॅक्टर सांगायला हरकत नाही.

वायनरीत पांढऱ्या आणि लाल द्राक्षांची वाट वेगळी होते. पांढरे घड देठ काढून, हवेच्या दाबाने चालणाऱ्या प्रेसमध्ये हलकेच पिळतात. साल बाजूला होते आणि नुसता रस स्टेनलेस स्टीलच्या टाकीत जातो. टाकीच्या दुहेरी भिंतीतून थंड द्रव फिरवून तापमान बारा ते सोळा अंशांत ठेवतात. त्याहून गरम झाले तर पेरू-लिंबाचा वास उडून जातो. लाल द्राक्ष सालीसकट आंबवतात. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनवते, त्या वायूने साली वर येऊन जाड थर धरतात, आणि खालचा रस दिवसातून अनेकदा पंपाने त्या थरावर सोडतात. रंग आणि तुरटपणा उतरतो तो इथे. निवडक लाल वाइन २२५ लिटरच्या ओक पिंपांत महिनोन्‌महिने ठेवतात. फेसाळ वाइनचे दुसरे आंबवणे बाटलीतच होते. मागे उरलेले यीस्ट बाटली हळूहळू उलटी फिरवत गळ्याशी आणतात आणि तेवढाच गोळा गोठवून बाहेर काढतात. उत्सवात पाहुण्यांना हौदात द्राक्षे पायाने तुडवायला मिळतात. मुलांना त्यात मजा येते. वाइन मात्र त्या रसाची होत नाही.

चाखताना क्रम पाळतात: आधी फेसाळ आणि पांढरी, मग रोझे, मग लाल, शेवटी उशिरा काढलेल्या शेनिनची गोड वाइन. पेला फिरवण्याचे कारण साधे आहे: काचेवर पसरलेल्या वाइनमधून वास लवकर सुटतो. पांढरी आठ-दहा अंशांवर प्यावी आणि लाल सोळा-अठरा अंशांवर. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हा नियम युरोपातल्या गार घरांचा आहे. नाशिकच्या एप्रिलमध्ये ती आधी वीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवणेच योग्य. घोट थुंकण्यासाठी भांडे ठेवलेले असते. ते वापरण्यात संकोच नसावा. गाडी चालवणाऱ्याने तर घोटही टाळावा, धरणाकाठचे रस्ते अरुंद आहेत आणि संध्याकाळी त्यांवर शेतातून परतणारी माणसे असतात.

तीन दिवस हाताशी असतील तर पहिली संध्याकाळ पाण्याकाठी घालवावी. पर्यटन महामंडळाचे ग्रेप पार्क रिसॉर्ट आणि बोट क्लब फुगवट्यालाच आहेत, आणि पश्चिमेच्या डोंगरांआड सूर्य उतरताना पाण्यावरून सुटणारा वारा दिवसाचा शीण घालवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाग आणि दुपारी वायनरी, उलटे नको. तिसऱ्या दिवशी मिसळ खाऊन त्र्यंबकेश्वर, किंवा पक्ष्यांची आवड असेल तर निफाड तालुक्यातले नांदूर मध्यमेश्वर. राज्यातले पहिले रामसर स्थळ हेच. पावसाळ्यात काठ हिरवागार असतो, गर्दीही तेव्हाच फार, पण त्या दिवसांत बागेत फक्त पाने असतात. पाहण्यासारखे ते जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत. त्यातही एक खबरदारी हवी: २६ जानेवारीला ड्राय डे असतो, तसाच १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला. जोडसुट्या नेमक्या याच तारखांना लागून येतात आणि चाखण्याचे दालन बंद पाहून दरवर्षी कितीतरी जण परत फिरतात.

या काठावर येणाऱ्याने पाण्याचाही विचार करावा. गंगापूरचे पाणी आधी नाशिक शहराच्या नळाला आणि शेतीला बांधलेले आहे. तुटीच्या वर्षी ते खाली जायकवाडीलाही सोडावे लागते. वेल ठिबकवर भागते, डॉगरिजसारख्या खुंटामुळे ती कमी आणि क्षारयुक्त पाण्यातही तग धरते. वायनरीत मात्र टाक्या, पिंपे, फरशी धुवायला पाणी लागते. रिसॉर्टचे हिरवळीचे गालिचे आणि पोहण्याचे तलाव यांची गरज त्याहून वेगळी. उन्हाळ्यात उघडा पडलेला तळाचा गाळ पाहिला की यातले काय आवश्यक आणि काय नाही ते कोणाच्याही लक्षात येते.

परतताना बाटल्या घ्यायच्या असतील तर त्या सगळ्यात शेवटी घ्याव्यात आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नयेत. तासाभरात तिथली वाइन उकडून निघते. घरी त्या ओट्यापासून लांब, अंधाऱ्या कपाटात ठेवाव्यात, बुचाची बाटली आडवी. फुगवट्याकाठची बहुतेक पांढरी वाइन साठवण्यासाठी बनवलेली नाही. ती वर्ष-दोन वर्षांत संपवावी.