टर्मिनलांतील साहाय्यक व एडिटर यांची जोडणी

आमच्या वरच्या इयत्तांतील पुष्कळ विद्यार्थी आतां संगणकाच्या आज्ञावल्या लिहूं लागले आहेत, आणि त्यांचे पालक आम्हांस वारंवार विचारतात कीं, 'मुलगा पडद्यावर दोन खिडक्या उघडून बसतो, एकींत स्वतः लिहितो व दुसरींत कोणाशीं तरी बोलतो; हा काय प्रकार आहे?' त्या दोन खिडक्या कोणत्या व त्या एकमेकींस कशा जोडतात, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

पहिली खिडकी एडिटराची. आज्ञावली लिहिण्याची व दुरुस्त करण्याची ही जागा. (या अंकाच्या संपादकांशीं तिचा संबंध नाहीं, जरी चुकांखालीं तांबडी रेघ ओढण्याची हौस दोघांसहि सारखीच.) दुसरी खिडकी टर्मिनलची. तेथें चित्रें नाहींत, बटणें नाहींत. आज्ञा टंकावी व उत्तर वाचावें. २०२५ सालीं या साध्या खिडकींत नवे कृत्रिम बुद्धीचे साहाय्यक आले: फेब्रुवारींत अँथ्रॉपिकचा क्लॉड कोड, एप्रिलांत ओपनएआयचा कोडेक्स सीएलआय, जूनमध्यें गूगलचा जेमिनी सीएलआय. त्यांस नेहमीच्या भाषेंत काम सांगितलें असतां ते फायली वाचतात, त्यांत बदल करतात आणि आज्ञाहि चालवितात.

मग जोडणीची गरज काय, असें कोणी म्हणेल. आमचीच एक फजिती सांगतों. एका सायंकाळीं आम्ही स्नेहसंमेलनाच्या खर्चाचा हिशेब मांडणारी लहानशी आज्ञावली लिहीत होतों. एडिटरांत वीस-पंचवीस ओळी नव्या लिहिल्या, परंतु त्या जतन करावयाच्या राहिल्या. तशांतच टर्मिनलांतील साहाय्यकास आम्हीं सांगितलें, 'बेरजेंतील चूक काढ.' त्यानें ती काढली; परंतु कोणत्या प्रतींतील? एडिटरांत दिसणारा नवा मजकूर संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतींत असतो. जतन करीपर्यंत डिस्कवर जुनाच राहतो. साहाय्यकानें डिस्कवरील जुनी प्रत वाचली व तीच दुरुस्त केली. एका फाइलीच्या अशा दोन प्रती झाल्या, आणि पूर्ण कोणतीच नाहीं! आम्ही जतन करावयास गेलों तेव्हां फाइल मध्यंतरीं बदलली असल्याचा इशारा एडिटरानें दिला. तो नीट न वाचतां आम्हीं आपली प्रत तिजवर लिहिली, व दुरुस्ती नाहींशी झाली. दुसऱ्या दिवशीं हिशेब जुळेना, तेव्हां कोठें आमचे डोळे उघडले.

याच जातीची एक अडचण पूर्वीं सुटलेली होती. प्रत्येक एडिटरास प्रत्येक संगणकीय भाषा निराळी शिकवावी लागे. पांच एडिटर व दहा भाषा असल्या तर पन्नास जोडण्या. २०१६ सालीं मायक्रोसॉफ्टनें 'लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल' प्रसिद्ध केला. बोलण्याची एक रीत ठरली, व प्रत्येकानें तेवढीच शिकावयाची असल्यामुळें पन्नासांच्या ठिकाणीं पंधराच कामें उरलीं. झेड नांवाच्या एडिटराच्या कर्त्यांनीं २०२५ च्या ऑगस्टांत हीच कल्पना साहाय्यकांस लाविली. तिचें नांव 'एजंट क्लायंट प्रोटोकॉल', आणि तिच्या योगें झेडास प्रथम जोडला गेला तो जेमिनी सीएलआय.

या रीतींत एडिटर स्वतःच साहाय्यकास आपल्या हाताखालीं सुरू करतो. टर्मिनलांत माणूस टंकतो व उत्तर पडद्यावर उमटतें. येथें माणसाच्या जागीं एडिटर बसतो, आणि त्याच वाटेनें जेसन या ठराविक मांडणींत लिहिलेले निरोप जातात-येतात. आरंभीं प्रोटोकॉलची आवृत्ति कोणती व कोणास काय करतां येतें, हें दोघे ठरवितात. मग एडिटर कामाचा फोल्डर सांगतो, आपला प्रश्न पोंचवितो, व उत्तर येईल तसतसें दाखवितो. साहाय्यकास फाइल हवी असेल तर ती तो एडिटराकडे मागूं शकतो, व जतन न केलेल्या ओळींसह ती त्यास मिळते. आमची फजिती येथेंच टळली असती.

परवानगीचा निरोप मात्र आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. बदल करण्यापूर्वीं साहाय्यक विचारूं शकतो. एडिटर जुनी ओळ तांबडी व नवी हिरवी करून शेजारीं दाखवितो, आणि 'एकदा', 'नेहमीं' किंवा 'नको' यांसारखे पर्याय पुढें ठेवतो. मुलांचें बोट 'नेहमीं' वर पडतें. आमच्या एका विद्यार्थ्यानें तें दाबून गृहपाठ सुरेख पुरा केला. फळ्यापाशीं बोलाविलें तेव्हां स्वतःच्याच आज्ञावलीची तिसरी ओळ त्यास समजावून देतां येईना. त्यांत लबाडी नव्हती. हिरव्या ओळी त्याच्यासमोरून गेल्या होत्या. त्या वाचण्यास तो थांबलाच नव्हता.

पालकांस दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. साहाय्यक वाचतो तो मजकूर बहुधा इंटरनेटवरून त्याच्या कंपनीच्या संगणकाकडे जातो. म्हणून घरचे पत्ते, फोन किंवा बँकेचे कागद त्या फोल्डरांत ठेवूं नयेत. शिवाय कंपन्यांनीं वयाच्या अटी घातलेल्या असतात. त्या आपण स्वतः वाचाव्या.

क्लॉड कोडची वाट किंचित् निराळी आहे. व्हीएस कोडसाठीं त्याचा स्वतंत्र जोड मिळतो. बाहेरच्या टर्मिनलांत तो चालू असेल तर तिरपी रेघ व तिच्यापुढें आय, डी, ई हीं तीन इंग्रजी अक्षरें टंकावीं, म्हणजे उघड्या एडिटरास जोडून घेतां येतें. दोन्हींकडे फोल्डर मात्र एकच हवा. आमच्या वर्गांत जोडणी अडली ती बहुतेक वेळां येथेंच.

जोडणीची परीक्षा घ्यावयाची तर एडिटरांत एक नवी ओळ लिहावी, ती जतन करूं नये, व साहाय्यकास फाइलीची शेवटची ओळ विचारावी. नवी ओळ सांगितली तर तो एडिटरांतील प्रत वाचीत आहे. जुनी सांगितली तर तो अद्याप डिस्कवरीलच वाचतो, आणि प्रत्येक प्रश्नापूर्वीं फाइल जतन करावी लागेल.