सेवापुस्तकात नसलेली पाने

जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचे सगळे आयुष्य एका जाड वहीत बसते. तिला सेवापुस्तक म्हणतात. पहिल्या पानावर जन्मतारीख, उंची, अंगावरची ओळखखूण आणि बोटांचे ठसे. पुढे नेमणूक, वेतनवाढ, बदली, रजा, पुन्हा बदली. शेवटी ‘नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त’. माझ्या आत्याच्या पेन्शनचे कागद जुळवताना तिचे सेवापुस्तक मी पान न् पान वाचले. डी.एड. झाल्यावर मिळालेली वस्तीवरची शाळा, बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, मग मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख. केंद्रप्रमुखाच्या ऑर्डरची नोंद दाखवत ती म्हणाली, “या दिवशी पेढे वाटले आणि खडू सुटला.”

त्याच ट्रंकेत तळाशी आणखी एक वही निघाली. ही अध्यापक विद्यालयातली, पाठ टिपणांची. डावीकडे घटक, उद्दिष्टे, शैक्षणिक साहित्य. मग प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ. जर्मनीतल्या हर्बार्टची ही पंचपदी आपल्याकडच्या किती पिढ्यांनी गिरवली याला गणती नाही. समासात लाल शाईत निरीक्षकांचा शेरा होता: ‘फळालेखन तिरके जाते. मागच्या बाकाकडे लक्ष द्यावे.’ पन्नास वर्षांनंतरही आत्याला तो शेरा तोंडपाठ होता. सेवापुस्तकातल्या तारखा मात्र तिला बघून सांगाव्या लागल्या.

तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळते आहे. प्रशिक्षित शिक्षकाच्या कारकिर्दीतले आपण जे टप्पे मोजतो, त्यांतला जवळजवळ प्रत्येक त्याला फळ्यापासून एकेक पाऊल लांब नेतो. आणि या व्यवसायातली जी माणसे खरोखर लक्षात राहिली, त्यांनी नेमके उलटे केले.

‘ट्रेंड मास्तर’ हा शब्द मराठीत मुरायला शंभर वर्षे लागली. मुंबई इलाख्यात शिक्षक तयार करायचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यातच सुरू झाले होते. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी आयुष्याच्या अखेरीस, १८४५ च्या सुमारास, एल्फिन्स्टनच्या नॉर्मल क्लासची जबाबदारी घेतली होती. हे त्यांच्या चरित्रांत ओझरते येते. १८५४ च्या वुडच्या खलित्याने शिक्षक-प्रशिक्षणाला सरकारी धोरणात जागा दिली, पुण्याचे ट्रेनिंग कॉलेज नावारूपाला आले, आणि गावात पाटील-कुलकर्ण्यांबरोबर मास्तरही मानाच्या पानाला बसू लागला. ट्रेंड आणि अनट्रेंड यांच्या पगारात फरक, आणि लग्नाच्या बाजारात त्याहून जास्त.

बायकांची वाट वेगळी होती. सावित्रीबाई फुले भिडे वाड्यात १८४८ साली शिकवायला उभ्या राहिल्या ही गोष्ट प्रत्येक मुलाला ठाऊक असते. त्यांच्या शिक्षक-प्रशिक्षणाशी नगरच्या सिंथिया फरार आणि पुण्याच्या मिचेलबाई यांची नावे जोडली जातात, हे फारसे कुणी सांगत नाही. आपल्याला त्यांच्या अंगावर पडलेले शेण आठवते, त्यांनी शिकवण्याची विद्या रीतसर शिकून घेतली होती हे आठवत नाही. धैर्याची पूजा सोपी असते. कसब ओळखायला डोळे लागतात.

हे कसब खेड्यापाड्यांत पोचवायचे तर शिक्षक तिथल्याच घरांतून यायला हवेत, हे कर्मवीर भाऊराव पाटलांना उमगले होते. रयत शिक्षण संस्थेने १९३५ साली साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रुरल ट्रेनिंग कॉलेज काढले. आधी शिक्षक, मग शाळा, असा हा क्रम. पुढच्या दशकात रयतेने गावोगाव ज्या व्हॉलंटरी शाळा उघडल्या, त्यांना मास्तर कुठून आले असते नाहीतर? आज आपण इमारत आधी बांधतो, रंग देतो, नाव देतो; शिक्षकाचे पद मात्र रिक्त.

पण माझ्या मुद्द्याचा सगळ्यांत लख्ख पुरावा म्हणजे अनुताई वाघ. जन्म १७ मार्च १९१०, गाव मोरगाव. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांत वैधव्य. अशा मुलीपुढे त्या काळी दोन वाटा असत, माजघर किंवा मास्तरकी. अनुताईंच्या घरच्यांनी दुसरी मोकळी ठेवली. व्हर्नाक्युलर फायनल झाली, पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून १९२९ मध्ये प्राथमिक शिक्षकाचे सर्टिफिकेट मिळाले. मग चांदवड तालुक्यात खेड्यातली नोकरी आणि १९३३ पासून पुण्याची हुजूरपागा. नोकरी सांभाळून रात्रशाळेतून त्या मॅट्रिक झाल्या. पेठेतली नामांकित शाळा, ठरलेला पगार, ओळखीची माणसे. सेवापुस्तकाच्या हिशेबाने इथे आयुष्य मार्गी लागले होते.

१९४५ साली त्या ताराबाई मोडकांना भेटल्या आणि बोर्डीला गेल्या. ताराबाई त्यांच्याहून अठरा वर्षांनी मोठ्या, मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर, भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे प्रयोग करून आलेल्या. ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र आधी बोर्डीला होते, पुढे ते डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले शाळेत येत नव्हती. ट्रेनिंग कॉलेजात शिकवतात ते सगळे ‘वर्गात मुले बसली आहेत’ इथून सुरू होते. इथे वर्गही नव्हता आणि मुलेही नव्हती. मग शाळाच मुलांकडे निघाली. पाड्यावरच्या अंगणात भरली ती अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या पोरांमागे कुरणात गेली ती कुरणशाळा. मॉन्टेसरीची महागडी साधने बाजूला ठेवून शंख, शिंपले, बिया, पाने, खडे यांच्यावर मोजणी आणि वर्गीकरण चालले. पाठ टिपणातल्या ‘शैक्षणिक साहित्य’ या रकान्याचा अर्थ जितका या दोघींना कळला तितका क्वचितच कुणाला कळला असेल.

१९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा मराठी शब्द देशभर गेला. शिक्षिकेची ही केवढी मोठी कमाई, पण ती कुठल्या सेवापुस्तकात लिहायची? अनुताई बी.ए. झाल्या त्या १९६१ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. तोवर कोसबाडचे काम कितीतरी उभे राहिले होते. पद्मश्री १९८५ ची. पदवीआधी काम आणि किताबाआधी कितीतरी काम, असा हा उलटा क्रम. १९९२ साली त्या गेल्या.

लीलाताई पाटलांची गोष्ट दुसऱ्या टोकाची. ना. सी. फडक्यांची ही मुलगी सरकारी अध्यापक महाविद्यालयांत शिक्षकांना शिकवत असे. शिक्षकांचे शिक्षक म्हणजे या उतरंडीत वरचेच मडके. निवृत्तीनंतर सत्कार-समित्यांत वेळ घालवायची पूर्ण मुभा होती. त्यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय काढले आणि आपण आयुष्यभर जे सांगत आलो ते लहान मुलांच्या वर्गात खरे उतरते का, हे स्वतः करून पाहिले. प्राध्यापकांनी आपल्याच व्याख्यानाची परीक्षा द्यायला बसण्याचे उदाहरण माझ्या पाहण्यात तरी विरळाच. (इंदिरा संतही बेळगावच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवत आणि पुढे प्राचार्य झाल्या. कविता इतकी मोठी की तिच्या सावलीत ही कारकीर्द दिसेनाशी झाली. त्यांच्या हाताखालून गेलेल्या शिक्षिकांच्या वह्या कुणी पाहिल्या आहेत का?)

आणि रणजितसिंह डिसले. इंजिनिअरिंगला गेलेला मुलगा ते सोडून वडिलांच्या सांगण्यावरून अध्यापक विद्यालयात जातो, हे एरवी नातेवाइकांत हळहळीने सांगण्याचे प्रकरण. माढा तालुक्यातल्या परितेवाडीची शाळा मिळाली तेव्हा ती गोठा आणि कोठार यांच्या मध्ये पडझडीला आलेली होती. काही मुलांची घरची भाषा कानडी. गुरुजी आधी कानडी शिकले, मग पाठ मुलांच्या भाषेत नेले, आणि पुस्तकात क्यूआर कोड चिकटवले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही ते कोड आले. ३ डिसेंबर २०२० रोजी दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइज जाहीर झाला, आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटण्याचे तिथल्या तिथे सांगून टाकले. वर्तमानपत्रांनी क्यूआर कोडवर रकाने भरले. मला त्याहून मोठे वाटते ते कानडी शिकणे.

आता डी.एड.चे डी.एल.एड. झाले आहे. एके काळी या प्रवेशासाठी बारावीला भरघोस टक्के लागत. आज कित्येक अध्यापक विद्यालयांना कुलपे आहेत. कारण शोधायला लांब जायला नको. २००० पासून नव्या शिक्षकाला तीन वर्षे ‘शिक्षणसेवक’ म्हणून मानधनावर राबावे लागते. प्राथमिकचे हे मानधन २०२३ मध्ये सहा हजारांवरून सोळा हजारांवर गेले. तोवर गवंड्याच्या हाताखालच्या माणसाची रोजी जास्त होती. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. पदविकेनंतर टीईटी, टीईटीनंतर अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टल. लग्नाची वये उलटून जातात. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायला सांगितले. वीस-वीस वर्षे शिकवलेली माणसे मुलाच्या शेजारी बसून बालमानसशास्त्राचे पर्याय सोडवत आहेत. परीक्षेला माझा विरोध नाही. पण चार पर्यायांतून एक निवडता येणे आणि मागच्या बाकाकडे लक्ष देणे यांचा परस्परांशी संबंध काय, हे मला अजून कुणी पटवून दिलेले नाही.

मानाचे म्हणाल तर एक गोष्ट सांगून टाकतो. विधान परिषदेत शिक्षकांचे म्हणून सात मतदारसंघ आहेत. त्यांत मत द्यायला शिक्षक माध्यमिक किंवा त्यावरच्या शाळेतला असावा लागतो. घटनेतच तसे आहे. म्हणजे ज्याने अ आ इ गिरवून घेतले तो प्राथमिक शिक्षक, शिक्षकांच्या निवडणुकीत मतदार नाही.

आत्याने पाठ टिपणांची वही मला दिली नाही. सेवापुस्तकाची झेरॉक्स मात्र “घेऊन जा, मला काय करायचीय” म्हणाली. वाचकांच्या घरीही कुणी पीटीसी, डी.एड., बी.टी. झालेले असेल. यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत तसली एखादी वही हाताला लागली तर रद्दीच्या गठ्ठ्यात बांधू नका. शाळेचे नाव आणि साल आतल्या पानावर लिहून ठेवा, आणि ती व्यक्ती हयात असेल तर लाल शाईतला शेरा तिला एकदा वाचून दाखवा.